समोरून कुत्रा आला की मी गल्ली का बदलते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर हे सगळं सकाळी साडेसहाला रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखं नाहीच. प्रश्न ठरलेला, "समोरून कुत्रा आला की तुम्ही एकदम उलट्या फिरून का चालायला लागता, अहो आमचा काही करत नाही!" तुमचा नाही करत हो. माझा करतो.

आमचा बंड्या गल्लीतलाच. मार्च २०२० मध्ये शेजाऱ्यांच्या गाडीखाली जन्मला आणि दीड महिन्याचा असताना घरात आला. पिल्लाचे साधारण ३ ते १४ आठवडे म्हणजे जगाशी ओळख करून घ्यायचा काळ, तेव्हा जे जे दिसतं ते पुढे नॉर्मल वाटतं. बंड्याने तेव्हा काय बघितलं, तर आम्ही चौघं, गच्ची आणि दूधवाल्याचा मास्क. मग सगळं उघडलं आणि गंगापूर रोडची ट्रॅफिक, हेल्मेटवाले, पट्ट्यातली लॅब्रेडॉर मंडळी हे सगळं एकदमच अंगावर आलं. लांबून कुत्रा दिसला की हा मागच्या दोन पायांवर उभा, घसा फुटेस्तोवर भुंकणं, आणि मी मागून फरफटत. लोक म्हणायचे माज आलाय. खरं सांगू, मलाही तेच वाटायचं.

म्हणून पहिलं वर्ष मी सगळं चुकीचं केलं. दुसरा कुत्रा दिसला की पट्टा आखडायचा आणि ओरडायचं, म्हणजे त्याला कळणार काय, तर कुत्रा दिसला की गळा आवळतो आणि आई पिसाळते! एका ट्रेनरने गळ्यात चोक चेन, म्हणजे ओढली की आवळणारी साखळी, घालून "बॉस कोण ते दाखवा" असं शिकवलं, गुरगुरला की झटका. पंधरा दिवसांत गुरगुरणं बंद झालं, आम्ही खूश. एका संध्याकाळी समोरून पॉमेरियन आलं, याने आवाजसुद्धा केला नाही, तिकडे पोचता येईना म्हणून गर्रकन वळला आणि माझ्याच पोटरीत दात. पंधरा मिनिटं साबणाने नळाखाली धुतलं, मग इंजेक्शनं. गुरगुरणं ही वॉर्निंग होती, तीच आम्ही मारून टाकली होती. (लांडग्यांच्या कळपात एक बॉस असतो म्हणून कुत्र्यालाही बॉस दाखवायचा, हे प्रकरण १९४७ च्या सुमाराचं, पिंजऱ्यात कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून काढलेलं. ही कल्पना पसरवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे आईबाप आणि पोरं, बाकी काही नाही. आमचा ट्रेनर अजून तिथेच.)

मग आधी डॉक्टरांकडे नेलं. कानात जुनं इन्फेक्शन निघालं, म्हणजे बिचाऱ्याचा कान ठणकतोय आणि आम्ही गळ्याला झटके देतोय. कान बरा झाला, निम्मा चिडचिडेपणा गेला. उरलेलं निम्मं म्हणजे भीती, आणि तिच्यासाठी ते उलटं फिरणं.

प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, त्याच्या पलीकडे दुसरा कुत्रा दिसला तरी डोकं चालू राहतं, त्याच्या आत आला की डोकं बंद. बंड्याचं तेव्हा विजेचे दोन खांब एवढं होतं. ओळखायचं कसं, तर तोंड. हॅ हॅ करत चालणारा कुत्रा एकदम तोंड मिटतो, कान पुढे, अंग ताठ, नजर खिळलेली. भुंकायच्या आधीचे ते दोन-तीन सेकंद आपले. तेवढ्यात शांतपणे वळायचं, पळायचं नाही, पट्टा ढिला. आणि अंतर पुरेसं असेल तर आधी त्याला कुत्रा दिसू द्यायचा, मग लगेच चिकनचा हरभऱ्याएवढा तुकडा. क्रम महत्त्वाचा हं! चिकन आधी आणि कुत्रा नंतर झालं तर तो चिकनच्या पिशवीवरच संशय घ्यायला लागतो. चिकन समोर धरूनही खात नसेल तर समजायचं आपण फार जवळ आहोत. आमच्या सासूबाईंच्या स्वयंपाकघरात चिकन चालत नाही, त्यामुळे चतुर्थीला पनीर, त्यालाही तो नाही म्हणत नाही.

गोदापार्कला जाते ती त्याचसाठी, लांबवरचं दिसतं, अचानक कोपऱ्यावरून कोणी उगवत नाही. आणि गणपतीच्या आधी महिनाभर ढोल पथकांची प्रॅक्टिस सुरू झाली की संध्याकाळचा फेरा बंद. नाशिक ढोल आपल्याला कितीही प्यारा असला तरी त्याच्या अंगात तो धसका तासन्‌तास राहतो, वर सकाळी एक मांजर दिसलेलं, दुपारी बेल वाजलेली, हे सगळं साठत जातं आणि मग रस्त्यातल्या साध्या पिशवीवरसुद्धा तुटून पडतो. त्या दिवशी घरातच टॉवेलमध्ये खाऊ गुंडाळून द्यायचा, नाकाला काम दिलं की निवतो.

त्याच्या तोंडाला बांधलेला जाळीचा मझल बघून "चावतो का हो?" विचारतात. दह्यात बुडवून बुडवून पंधरवडा लावून सवय केलीय, त्यात धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. फायदा असा की लोक आपणहून लांब राहतात. त्रास कुत्र्यांपेक्षा "मला कुत्रे खूप आवडतात" म्हणत सरळ डोक्यावर हात ठेवणाऱ्यांचा जास्त. गल्लीतली मोकळी कुत्री आली तर मी त्यांच्याच दिशेला मूठभर बिस्किटं भिरकावते, ती खाईपर्यंत आम्ही पसार.

दोन खांबांचं अंतर आता एका रिक्षाएवढं झालंय, तेही रोज नाही. परवा तुमचा सोन्या पलीकडच्या फुटपाथवरून गेला, बंड्याने त्याच्याकडे बघितलं, मग मान वळवून माझ्या पिशवीकडे बघितलं. मी तिथेच रस्त्यात खाली बसून त्याला सहा तुकडे दिले आणि तुम्ही हाक मारलीत ती मला ऐकूच आली नाही, त्याबद्दल सॉरी.