कापलेली शेपटी

आरगॉनचा दुसरा विरियल सहगुणक काढायचा, म्हणजे अणूंच्या जोड्यांमुळे वायू आदर्श वायूच्या नियमापासून किती ढळतो ते सांगणारा आकडा, तोही एकाच तापमानाला, ३०० केल्विनला. एका संध्याकाळीत उरकेल असं वाटलं होतं. चार दिवस गेले.

दोन अणूंमधल्या विभवासाठी, म्हणजे अंतरानुसार बदलणाऱ्या त्यांच्या स्थितिज ऊर्जेसाठी, लेनर्ड-जोन्सचं सूत्र घेतलं. लांबवर ओढ, विभवात अंतराच्या सहाव्या घातानं विरणारी. जवळ आलं की बाराव्या घाताचा रेटा. सहाच्या पाठीशी क्वांटम सिद्धांत आहे. बाराचं कौतुक एवढंच, की सहाव्या घाताचा वर्ग केला की तो आयता मिळतो! सिग्मा, म्हणजे विभव शून्य होतो ते अंतर, ३.४ अँगस्ट्रॉम; विहिरीची, म्हणजे विभवाच्या सर्वांत खालच्या बिंदूची, खोली तापमानाच्या भाषेत १२० केल्विन.

आधी मी विभवाचंच इंटिग्रल घ्यायला बसलो. अंतर शून्याकडे गेलं आणि आकडा अनंताकडे पळाला. इथे मेयर फलन हवं: बोल्ट्झमन गुणकातून (विभव चढला की शून्याकडे जाणारा घातांकी गुणक) एक वजा. अणू एकमेकांत घुसू पाहतात तिथे विभव कितीही चढो, हे फलन उणे एकवर मुकाट बसून राहतं. पुढे उत्तर दुप्पट आलं, कारण अ-ब आणि ब-अ ही एकच जोडी मी दोनदा मोजली होती. ते तासाभरात सापडलं.

खरा घोळ नंतरचा. माझं उत्तर उणे १०.४ घन सेंटिमीटर प्रति मोल, आणि प्रयोगातली किंमत उणे साडेपंधराच्या आसपास. इंटिग्रलमधली अंतराची पायरी निम्मी केली, पुन्हा निम्मी केली. आकडा ढिम्म हलेना. तिसऱ्या रात्री जुन्या सिम्युलेशनमधून उचललेली एक ओळ दिसली: २.५ सिग्माच्या पुढे विभव शून्य. तिथे ओढ उरते विहिरीच्या खोलीच्या जेमतेम १.६ टक्के, म्हणून तिच्याकडे कधी लक्षच गेलं नव्हतं. पण इंटिग्रलमध्ये अंतराचा वर्गही असतो. कवच जितकं लांबचं तितकं मोठं, आणि त्यात मावणारे शेजारीही जास्त. कापलेली शेपटी कागदावर तीन ओळींत मोजली: उणे ५.१. बेरीज उणे १५.५.

फार हुरळलो नाही. सूत्रातले दोन्ही स्थिरांक मुळात वायूंच्या अशाच मोजमापांवरून बसवलेले, तेव्हा जुळणं भागच होतं. तरी तापमान चढवत नेलं आणि ४१० केल्विनच्या आसपास उत्तराचं चिन्ह उणेचं अधिक झालं, तेव्हा मजा वाटली. हेच बॉईल तापमान.

तिसऱ्या सहगुणकाला अजून हात लावलेला नाही. तिथे तीन अणू एकदम येतात, आणि नुसत्या जोड्यांच्या बेरजेवर भागत नाही.