एक्झॉस्टचं पॅकिंग आणि तुटलेला शेवटचा स्टड

एक्झॉस्ट मॅनिफोल्ड म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून पाइपात सोडणारा भाग. इंजिनशी त्याचा सांधा बंद ठेवणारं गॅस्केट, म्हणजे गॅरेजच्या भाषेत पॅकिंग, आपणहून क्वचितच जातं. बहुतेकदा त्याच्या शेजारचं कुणीतरी आधी हात टेकतं: एखादा स्टड (इंजिनमध्ये रोवलेला, नट आवळायचा आटेदार दांडा) तुटतो नाहीतर मॅनिफोल्डच वाकतो. तरी बिलावर नाव लागतं ते पॅकिंगचं. आमच्या सात सीटर पेट्रोल गाडीचं काम घरीच काढलं तेव्हा माझी नजर पहिल्यापासून स्टडवर होती, ती याच कारणाने.

लक्षण अगदी ठरलेलं होतं. थंड इंजिन सुरू केलं की बॉनेटखालून टिकटिक, ॲक्सिलरेटर दिला की ती जोरात, आणि गाडी तापली की आवाज गुल. धाकटी म्हणाली, ‘‘बाबा, गाडीत शिवणयंत्र बसवलंय का?’’ टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या व्हॉल्व्हच्या भागांचा, आवाजही साधारण असाच असतो, म्हणून आधी खात्री केली. इंजिन थंड असतानाच रबरी नळीचं एक टोक कानाशी धरलं आणि दुसरं मॅनिफोल्डच्या कडेने फिरवलं (पंखा आणि बेल्टपासून लांब राहून, हे सांगायला नकोच). चौथ्या सिलिंडरपाशी फट्-फट् स्पष्ट ऐकू आली. टॉर्च मारला तर त्याच जागी फ्लँजच्या (मॅनिफोल्डच्या सपाट कडेच्या) सांध्यातून काजळीचा काळा पंखा पसरलेला.

तापल्यावर आवाज का जातो, यात सगळी मेख आहे. मॅनिफोल्ड ओतीव लोखंडाचा, लांबी साधारण ४० सेंटिमीटर. तो ६०० अंशांनी तापला की अडीच मिलिमीटरच्या आसपास लांबतो. हेड, म्हणजे मॅनिफोल्ड ज्यावर आवळलेला असतो तो इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं. ॲल्युमिनियम खरं तर लोखंडाच्या दुप्पट प्रसरण पावतं, पण कूलंटमुळे हेड १०० अंशांच्या आसपासच राहतं, त्यामुळे ते मिलिमीटरभरही वाढत नाही. हा फरक पॅकिंगला सरकत-सरकत सोसावा लागतो, गाडी सुरू केली की दर वेळी. सगळ्यात जास्त ताण येतो दोन्ही टोकांच्या स्टडवर, म्हणून तुटतात तेही टोकाचेच. तापल्यावर धातू फुगून फट बुजते आणि आपण समजतो, बरी झाली गाडी.

बरी होत नाही. एक्झॉस्टमधला दाब सलग नसतो, ठोक्या-ठोक्याने येतो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये क्षणभर वातावरणाच्याही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी आहे, मग ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) पेट्रोल वाढवतो. आमच्या स्कॅनरवर फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलमध्ये केलेली ही कमी-जास्त, सारखा अधिकमध्ये दिसत होता आणि ‘मिश्रण पातळ’ सांगणारा पी०१७१ कोड येऊन बसला होता. असा कोड दिसला की काहीजण थेट सेन्सर बदलतात. आधी फट शोधावी. टर्बो डिझेलमध्ये हीच फट टर्बोच्या आधी असेल तर बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) कमी पडतो आणि गाडी चढावर मरगळते. शिवाय मॅनिफोल्ड डॅशबोर्डच्या बाजूला असेल तर गळलेला धूर केबिनच्या हवेच्या जाळीपर्यंत पोचू शकतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे मागे मुलं झोपलेली असताना ‘चालतंय तोवर चालू दे’ हे मला पटत नाही.

आदल्या रात्री सगळ्या नटांवर पेनिट्रेटिंग ऑइल मारून ठेवलं. सकाळी पूर्ण थंड इंजिनवर बॅटरीची निगेटिव्ह काढली, सेन्सरचा कनेक्टर सोडवला, पत्र्याचं कवच उतरवलं. नट अडला की जोर वाढवायचा नाही. थोडा घट्ट करायचा, मग सैल, परत ऑइल. नटासोबत अख्खा स्टड फिरून बाहेर आला तर उत्तमच. चौथ्या सिलिंडरजवळचा टोकाचा स्टड आधीच तुटलेला निघाला, दोन-तीन आटे बाहेर होते. त्यावर नट ठेवून वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेतला. त्या उष्णतेनेच पकड सुटली आणि तो पान्याने मुकाट फिरला. हेडच्या पातळीला तुटला असता तर ड्रिल करावं लागलं असतं, आणि ॲल्युमिनियममध्ये ते काम हातावर सोडण्यासारखं नाही.

मग मॅनिफोल्डवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, घातलं. टोकाशी ०.३ मिलिमीटरचं पातं आरामात आत गेलं. आमच्या मॅन्युअलच्या मर्यादेपेक्षा हे जास्त होतं, म्हणजे नवं पॅकिंग तसंच बसवलं असतं तर तेही गेलंच असतं. मॅनिफोल्ड लेथवाल्याकडे देऊन तोंड सरळ करून घेतलं. हेडचा पृष्ठभाग प्लास्टिकच्या स्क्रेपरने साफ केला. पोर्टमध्ये चिंध्या कोंबल्या आणि काढताना मोजून काढल्या.

नवं पॅकिंग थरांच्या स्टीलचं, त्याला सिलिकॉन लावायचं नाही. ते एवढ्या उष्णतेत टिकत नाही, आणि त्याच्या वाफा सेन्सरला बाधतात. स्टड, नट सगळे नवे. मधल्या नटापासून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला जात, दोन-तीन टप्प्यांत टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळले. आकडा मॅन्युअलमधला, अंदाज नाही. मॅनिफोल्डमधून खाली जाणाऱ्या डाउनपाइपच्या सांध्यातलं गोल पॅकिंग आणि त्याच्या स्प्रिंगाही त्याच वेळी बदलल्या, कारण पाइप सोडवलेलाच होता.

पहिल्यांदा सुरू केल्यावर थोडा धूर आला, तो सांडलेल्या ऑइलचा. धाकटीने हातमोजा घालून सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबलं आणि मी मॅनिफोल्डशी नळी धरली. आत दाब वाढूनही कुठे फुसफुस नाही. कोड पुसून गाडी फिरवून आणली, ट्रिम शून्याच्या आसपास आला. कवचाचा एक बोल्ट मात्र काढताना गंजून तुटला होता, तो पत्रा ठरावीक वेगाला अजून खणखणतो.