चोर्ल्याच्या अलीकडे, कणकुंबीत

बेळगावहून गोव्याकडे जाताना जांबोटी मागे पडली की गाडीतल्या सगळ्यांना चोर्ला घाटाचे वेध लागतात आणि कणकुंबी रस्त्याकडेलाच राहून जाते. माझेही कित्येक वर्षे असेच झाले. यंदा दिवाळीनंतर मात्र गोव्याचा बेत न आखता, आईला सोबत घेऊन दोन दिवस फक्त खानापूर तालुका पाहायचा असे ठरवले.

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ धरणात जिचे पाणी अडवले आहे आणि जी कूडलसंगमाला कृष्णेस मिळते, ती नदी येथे एका कुंडात मावते. आईने ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि बराच वेळ ती पायरीवरून उठलीच नाही. याच डोंगररांगेत उगम पावणारी म्हादई पश्चिमेकडे उतरून गोव्यात मांडवी होते, म्हणजे एकाच आभाळातून पडलेले पाणी इथून दोन समुद्रांच्या वाटा धरते. म्हादईचे काही पाणी मलप्रभेकडे वळवण्यासाठी कळसा नाल्याचा कालवा याच गावाजवळ खोदला गेला. गोवा आणि कर्नाटक यांच्यातल्या म्हादईच्या पाण्याच्या वादाच्या बातम्या आपण इतकी वर्षे वाचत आलो. ज्या मातीवरून हा वाद आहे ती एकदा पायांखाली घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

याच तालुक्यातले भीमगड अभयारण्य 2011 मध्ये घोषित झाले. तिथल्या बारापेडे गुहांत रॉटनचे वटवाघूळ राहते, जे जगात अगदी मोजक्या ठिकाणी सापडले आहे. आम्ही त्या गुहांकडे गेलो नाही. माणसांची वर्दळ आणि विजेऱ्यांचा उजेड त्या जिवांना सोसणारा नाही, आणि प्रत्येक ठिकाण पर्यटनासाठी खुले असलेच पाहिजे असा आग्रह मला पटत नाही.

दुसऱ्या दिवशी खानापूरहून नंदगडला, इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो. 1831 च्या जानेवारीत त्याला या गावात फाशी दिली गेली. तिथून हलशी.

हलशी म्हणजे कदंब राजांच्या काळातली पलाशिका. भूवराह नरसिंहाच्या देवळात दोन गाभारे समोरासमोर आहेत, त्यामुळे एका देवाला नमस्कार करताना दुसऱ्याकडे पाठ होते; मी दोनदा वळलो, आई चार वेळा. बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर दगडाचा गारवा आधी तळपायांना कळतो आणि नंतर डोळे अंधाराला सरावून वराहाच्या मूर्तीतली पृथ्वी हळूहळू दिसू लागते. एवढे मोठे देऊळ, आणि दुपारभर आमच्याशिवाय तिथे कोणी नव्हते. गावात जेवणाची सोय शोधत असताना भाताची मळणी आटोपून आलेल्या एका आजींनी आईला हाक मारली, "बसा हो अक्का, दमलासा." तांदळाची भाकरी, लसणाची चटणी आणि ताक. आईने पैसे पुढे केले तेव्हा त्यांनी ते घेतले नाहीत, उलट नव्या तांदळाची पिशवी हातात दिली. अशा घरांतून दोन खोल्या पाहुण्यांसाठी निघाल्या, जेवणाचा रास्त मोबदला ठरला, तर या तालुक्याला धबधब्यांवरच्या रविवारच्या गर्दीपेक्षा कितीतरी जास्त मिळेल.

कणकुंबीच्या कुंडातले पाणी आईने एका बाटलीत भरून आणले होते. घरी आल्यावर त्या आजींच्या तांदळाचा पहिला भात तिने त्याच पाण्यात शिजवला.