रिकामं बसलं की रीस्टार्ट

"दादा, एडिटिंग करताना काही होत नाही, चहाला उठलं की बंद पडतंय." मिरजेहून आलेल्या गिऱ्हाइकाच्या या वाक्यात अर्धं निदान होतं. कॉम्प्युटर महिनाभराचा: रायझन ७ ५८००एक्स हा आठ कोअरचा प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १२० मिलिमीटर पंख्याचा साधा टॉवर कूलर. मे महिना, सांगलीतल्या आमच्या दुकानात ३६ अंश.

असा रीस्टार्ट म्हटलं की आमच्याकडे पहिला संशय लाइटवर. पण त्याच यूपीएसवरचा मॉनिटर चालूच राहत होता, म्हणजे सप्लाय तुटत नव्हता. मग सिनेबेंच आर२३, म्हणजे सगळ्या कोअरवर ताण देणारी चाचणी, अर्धा तास चालवली. मशीन हललं नाही. तापमान ९० अंशांना टेकलं. ती या चिपची कमाल मर्यादा, तिथे ती आपणहून वेग उतरवते. मग नुसतं डेस्कटॉपवर सोडून दिलं आणि विसाव्या मिनिटाला स्क्रीन काळी.

विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगर, इव्हेंट १८, म्हणजे हार्डवेअरची चूक; एपिक आयडी, म्हणजे थ्रेडचा क्रमांक, ४. प्रत्येक कोअरला दोन थ्रेड, म्हणून ४ आणि ५ म्हणजे शून्यापासून मोजलेला कोअर २. एएमडीचं रायझन मास्टर सॉफ्टवेअर उघडलं तर तारा नेमका त्याच कोअरवर, म्हणजे चिपमधला सगळ्यात चांगला कोअर तोच.

बायोसमध्ये उत्तर मिळालं. पीबीओ (प्रोसेसरला मूळ मर्यादेपलीकडे पळू देणारं सेटिंग) चालू, बूस्ट म्हणजे सर्वोच्च वेग अधिक २०० मेगाहर्ट्झ, कोअरचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना सरसकट उणे ३०. कुठलातरी व्हिडिओ बघून केलेलं.

कर्व्ह ऑप्टिमायझरचा एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे ३० म्हणजे जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्टची कपात. आठही कोअर राबतात तेव्हा वेग खाली असतो, तेवढ्या व्होल्टेजवर भागतं. हलक्या कामात एकच कोअर क्षणभर सर्वोच्च वेगावर उडी मारतो, आणि तिथे व्होल्टेज अपुरं पडतं. चांगल्या कोअरला कारखान्यातच कमी व्होल्टेज ठरवून दिलेलं असतं. त्याच्यात कापायला शिल्लक थोडीच असते. म्हणून पहिला तोच पडतो.

आम्ही सीमॉस क्लिअर करून, म्हणजे बायोसची साठवलेली सेटिंग पुसून, सगळं मूळ सेटिंगवर आणलं. रॅमचं ३६०० चं वाढीव वेगाचं प्रोफाइलही बंद ठेवलं, नाहीतर दोन दोष एकमेकांत मिसळतात. रात्रभर रीस्टार्ट नाही, तेव्हा हार्डवेअर निर्दोष ठरलं. मग रॅमचं प्रोफाइल लावून वेगळी चाचणी. त्यानंतर पीबीओ: पीपीटी, म्हणजे प्रोसेसरच्या विजेची मर्यादा, मूळ १४२ वॉटवरून १२० वर, बूस्ट वाढ शून्य. तारावाल्या कोअरला उणे ५, बाकीच्यांना उणे १५, आणि प्रत्येक पायरीनंतर कोअरसायकलर. ते एका वेळी एकाच कोअरवर प्राइम९५ ही ताण देणारी चाचणी चालवतं. हलक्या सूचनांच्या एसएसई मोडमध्ये, कारण त्यात कोअरचा वेग वर चढतो आणि कच्चेपणा उघडा पडतो. प्रत्येक कोअरला सहा मिनिटं अशा एका फेरीवर विसंबू नका, रात्रभर फिरू द्या. दुसऱ्या फेरीत कोअर ५ ने चूक दाखवली. त्याला उणे १० केलं.

इथे बरेच जण घाबरतात ती गोष्ट: हलक्या कामात एचडब्ल्यूइन्फो या मोजमाप दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये १.४५ व्होल्ट दिसलं तर ते ठीक आहे, तेव्हा करंट कमी असतो. तोच आकडा बायोसमध्ये फिक्स करून सगळ्या कोअरवर रेंडर लावाल तर चिप हळूहळू खराब होईल. फिक्स व्होल्टेजच्या वाटेला जाऊच नका.

शेवटी सिनेबेंचला ८३ अंश, त्याच ३६ अंशांच्या खोलीत. जानेवारीत खोली २० वर असताना जमलेलं सेटिंग इथल्या उन्हाळ्यात १५-१६ अंशांनी वर सरकतं, तेवढी जागा राखावीच लागते. दोन दिवस मशीन मुद्दाम रिकामं ठेवलं, स्लीपमधून वारंवार उठवलं, लॉग कोरा राहिला. पीबीओमुळे होणारं नुकसान वॉरंटीत बसत नाही, हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितलं, आणि आठही कोअरचे आकडे कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवले. बायोस अपडेट केलं की सेटिंगमधले आकडे पुसले जातात.