टिक टिक करणारा टीव्ही

टीव्ही बंद पडला की आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरात प्रत्येक जण डॉक्टर होतो. शेजारच्या काकांनी तर चहा पिता पिता, टीव्हीकडे न बघताच सांगून टाकलं, "पॅनल (म्हणजे पडदाच) गेलं, आता नवाच घ्या." मेकॅनिकपण तेच, "भिया, पूरा बोर्ड बदलना पड़ेगा," आणि आकडा असा सांगितला की आईने गुपचूप टीव्हीवर कव्हर घालून टाकलं.

पण लक्षणं तरी बघा ना. लाल दिवा लागतोय, रिमोट दाबला की लुकलुकतोय, आतून टिक टिक, मग जरा गप्प, परत टिक टिक. पॅनल गेलं तर बहुतेक वेळा आवाज तरी येतो, चित्र नसतं किंवा पट्टे दिसतात. ही टिक टिक म्हणजे सप्लाय, टीव्हीला आतून वीज पुरवणारा भाग, उठायला बघतोय आणि भार आला की बसतोय.

मागचं झाकण काढलं, स्क्रू ताटलीत ठेवले (बारके-मोठे वेगळे, नाहीतर लावताना रडायची वेळ येते). पॉवर बोर्डावर एक रेघ असते, तिच्या अलीकडे गरम बाजू, पलीकडे थंड (तापण्याशी संबंध नाही, गरम म्हणजे घरातल्या विजेशी थेट जोडलेली). गरम बाजूला २३० व्होल्ट येतात, फ्यूज, एसीचं डीसी करणारा ब्रिज, आणि मग तो वीज साठवणारा ४५० व्होल्टवाला जाडजूड कंडेन्सर, ज्याच्यात सव्वातीनशेच्या आसपास डीसी भरलेलं असतं आणि प्लग काढला तरी काही वेळ तिथेच मुक्काम. काही जण स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करतात, ठिणगी उडते, मर्दुमकी वाटते, मला ते अजिबात पटत नाही. जुन्या ६० वॅटच्या बल्बच्या वायरी लावा, निवांत उतरतो, मीटरवर शून्य दिसलं की मगच हात.

फ्यूज शाबूत होता, म्हणजे गरम बाजूला मोठा शॉर्ट नाही. थंड बाजूला मात्र स्टँडबायच्या, म्हणजे टीव्ही रिमोटने बंद असतानाही जागी असणाऱ्या, ५ व्होल्टच्या लाइनवर एक बारका कंडेन्सर, डोकं पुरीसारखं टम्म फुगलेलं. त्या डोक्यावर जी फुली कोरलेली असते ना ती शोभेला नाही, आत गॅस झाला तर तिथून फाटावं, धाडकन फुटू नये म्हणून. परत प्लग लावून, टीव्हीच्या मागे खुर्चीत बसून, शॉक छातीतून जाऊ नये म्हणून एक हात खिशात घालून व्होल्टेज बघितलं तर ५ च्या जागी पावणेचार, आणि तेपण नाचतंय.

महाराणी रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. "भिया, हजार का देना, पच्चीस वोल्ट, एक सौ पाँच डिग्री वाला." हजार म्हणजे रुपये नाही, मायक्रोफॅरॅड, कंडेन्सरचं माप. जुना १६ व्होल्टचा होता, व्होल्ट जास्त चालतात, कमी नाही, फक्त जागेत बसला पाहिजे. १०५ डिग्री एवढ्यासाठी की लिहिलेल्या तापमानापेक्षा दर १० डिग्री कमीवर चालला की ह्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. शेजारचे पण बदलून टाकू म्हणून चार घेतले, चारी मिळून पोहे-जलेबीपेक्षा स्वस्त. पट्टीवाला पाय मायनस, तेवढं बघून सोल्डर केलं आणि टीव्ही एका दमात उठला.

मला राहून राहून वाटतं ते हे की बिघडला तो नेमका न दिसणारा. बाबा टीव्ही बघतात तीन तास, आणि हा बिचारा रिमोटची वाट बघत चोवीस तास गरम, उन्हाळ्यातल्या दुपारीपण, घरातले सगळे लग्नाला उज्जैनला गेले तरीपण. जुन्या डब्ब्या टीव्हीला खटका होता, बंद म्हणजे बंद. आता आपण ज्याला बंद म्हणतो ती नुसती डुलकी.

हे ऐकल्यापासून आई रात्री भिंतीचं बटनच बंद करते. सकाळी बाबा लावतात आणि सेटटॉप बॉक्स चालू होईपर्यंत, ज्याला चांगला वेळ लागतो, तिच्याकडे बघत बसतात. त्या बॉक्सचा अडॅप्टरपण हाताला फार गरम लागतोय म्हणा, रविवारी तो उघडणार आहे.