मुठेची चित्रं बघायला जाताय? आधी नदीवर जाऊन या

परवा रविवारी आईला घेऊन पुण्यात बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनात गेलो होतो, मुठेवरची चित्रं लागली होती, सात-आठ चित्रकार, नदी एकच पण प्रत्येकाची वेगळी. एकाने वॉटरकलरमध्ये घाटावरची सकाळ केलीये, कागद ओला असतानाच रंग सोडलाय त्यामुळे खालच्या पायऱ्या पाण्यात विरघळल्यासारख्या दिसतात. शेजारीच मोठा कॅनव्हास, नाइफने दिलेले काळ्या-करड्या अ‍ॅक्रिलिकचे जाड थर आणि मधूनच जलपर्णीचा हिरवा. मला तर हेच जास्त पटलं, रोज पुलावरून आपण बघतो ती हीच नदी. एकाने जुन्या वाड्यातल्या भित्तिचित्रांसारखी सपाट रंगांची नदी काढलीये, तीही भारी.

पण आई थांबली ती चारकोलच्या एका छोट्या चित्रापाशी. स्वयंपाकघराची भिंत, खुंटीला कळशी, आणि कळशीच्या वीतभर वर चिखलाची आडवी रेघ. खाली फक्त तारीख, १२ जुलै १९६१. पानशेत धरण फुटलं, मागोमाग खडकवासला, तेव्हा ती सात वर्षांची, राहायला शनिवार पेठेत. "आमच्याकडे पण अशीच रेघ होती रे, आजीने दोनदा चुना मारला तरी वर यायची." दहा मिनिटं जागची हलली नाही.

आता जाणाऱ्यांसाठी. मेट्रोने या, छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनवरून चालत जाता येतं, जंगली महाराज रोडवर पार्किंग शोधत बसू नका. इथली प्रदर्शनं बहुतेक दोन-तीन दिवसांचीच असतात त्यामुळे पुढच्या वीकेंडला बघू म्हणालात तर गेलं. चित्रकार तिथेच बसलेले असतात, बिनधास्त विचारा, मनापासून सांगतात. नदीपलीकडे ओंकारेश्वराचं देऊळ आहे, १७३० च्या दशकात बांधलेलं, चिमाजी अप्पांची समाधीही तिथेच. घाटावर उतरणार असाल तर ग्रिपवाली चप्पल घाला, पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पाण्याला वास येतो हे घरच्या मोठ्यांना आधीच सांगा. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो, नदीपात्रातला रस्ताही बंद होतो, तेव्हा बातम्या बघूनच निघा आणि पात्रात गाडी अजिबात लावू नका.

आम्ही चित्रं आधी बघितली, नदी नंतर. पुलावर उभं राहून आईने वाडा कुठे होता, पाणी कुठून आत आलं, सगळं हात करून दाखवलं, आणि मग म्हणाली ते चित्र परत बघायचंय. तोवर दालन बंद झालं होतं.