कंसातला आवाज

स्नेहसंमेलनातल्या नाटकाला आम्ही दोघी नेहमी शेवटच्या रांगेत बसायचो. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला जन्मापासून दिसत नाही. वर्गात फळ्यावरचं तिला वाचून दाखवायचं काम मला कुणी नेमून दिलं नव्हतं. एका बाकावर बसलो म्हणून ते माझ्याकडे आलं आणि दहावीपर्यंत माझ्याकडेच राहिलं. नाटकाच्या दिवशी मी तिच्या कानाशी कुजबुजत असायचे. "राजा आला. बसला. हातात पत्र आहे, पण उघडत नाहीये." मी जरा गप्प झाले की तिचं कोपर लागायचं, "आता काय?" संवाद तिला माझ्याहून नीट ऐकू यायचे. तिला हवं असायचं ते दोन संवादांच्या मधलं.

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आमच्या बॅचनं 'संगीत शारदा'चं अभिवाचन ध्वनिमुद्रित केलं, आणि त्यात माझ्या वाट्याला पुन्हा हेच काम आलं. बाकीच्यांनी पात्रं वाटून घेतली, मी रंगसूचना घेतल्या. कंसात जे जे छापलेलं असेल ते मी वाचायचं. स्मरणिकेसाठी काही लिही असा निरोप आला तेव्हा त्या कंसांशिवाय दुसरं काही डोळ्यांपुढे येईना.

खरं तर समितीला रंगमंचावर नाटक हवं होतं. पण आम्ही चौदा जण वेगवेगळ्या गावी, दोघं तर परदेशात. तालमीला एकत्र येणं शक्यच नव्हतं. तेव्हा आमच्यातल्या एकानं सुचवलं की आपण ते वाचूया, ज्यानं त्यानं आपापल्या घरी. त्याला 'लिब्रिवॉक्स'ची माहिती होती. २००५ पासून जगभरातले स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेली पुस्तकं अशीच घरबसल्या वाचून ध्वनिमुद्रित करतात आणि कुणालाही मोकळी करून देतात. नाटकंही करतात. एकेक पात्र एकेकानं वाचायचं, नंतर सगळे आवाज एकत्र गुंफायचे. नवरा-बायको झालेल्या दोघांनी एकमेकांना आयुष्यात पाहिलेलंही नसतं.

नाटक निवडायला वेळ लागला नाही. नववीत बाईंनी 'शारदे'तला एक प्रवेश आमच्याकडून मोठ्यानं वाचून घेतला होता, आणि तो सगळ्यांच्या लक्षात होता. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. गोविंद बल्लाळ देवल गेले १९१६ साली, त्यामुळे ती काळजी नव्हती. किर्लोस्कर नाटक मंडळीनं हे नाटक १८९९ मध्ये रंगभूमीवर आणलं. देवलांच्या सात नाटकांतलं पूर्णपणे स्वतंत्र असं हे एकच. पैशाच्या लोभानं मुलीला, शारदेला, म्हाताऱ्याच्या पदरी बांधायला निघालेला कांचनभट, बोहल्यावर चढायची घाई झालेला भुजंगनाथ आणि मधे दलाली करणारा भद्रेश्वर दीक्षित, या माणसांची भाषा आजही इतकी जिवंत आहे की वाचताना कुणाला कोशाकडे वळावं लागलं नाही.

प्रास्ताविकात मात्र आमची एक चूक होता होता राहिली. बालविवाहाविरुद्धच्या 'शारदा कायद्या'ला या नाटकावरून नाव मिळालं, असं वाक्य आम्ही लिहिलं होतं. अनेकांना तसंच वाटतं. मुद्रणाआधी तपासलं तेव्हा कळलं की १९२९ चा तो कायदा ज्यांनी मांडला त्या हरबिलास सारडा यांच्या आडनावावरून त्याला ते नाव मिळालं. वाक्य काढलं. नाटकाची थोरवी सांगायला त्याची गरजही नव्हती.

आमच्यापुढची प्रत जुन्या छपाईची. 'नांव', 'कांहीं', 'मीं', 'घरांत' असे जागोजाग अनुस्वार. १९६२ च्या लेखननियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार गेले, पण छापलेलं दिसलं की आवाज नाकात जातोच. आमच्या कांचनभटानं पहिला अंक संपूर्ण तसा वाचून पाठवला आणि तो तापट भिक्षुक भलताच गेंगाणा बोलायला लागला. सगळा अंक त्यानं पुन्हा वाचला, एका शब्दानं कुरकुर न करता. या मित्राचं हे मला फार मोठं वाटतं. दिवसभर नोकरी करून रात्री अकराला, घर निजल्यावर, पंखा बंद करून, कपड्यांच्या कपाटात तोंड घालून हा माणूस शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या बापाचा संताप वाचत होता. कपाट अशासाठी की लटकवलेले कपडे आवाज शोषून घेतात आणि खोलीचा घुमारा येत नाही.

मुद्रणाचे नियम ठरलेले होते. आधी पाच सेकंद काहीच बोलायचं नाही. त्या शांततेत खोलीची स्वतःची जी घरघर असते, तिचा नमुना मिळतो आणि पुढे तीच घरघर संगणकावर पुसता येते. मग फक्त आपली वाक्यं, दोन वाक्यांत तीन सेकंद थांबून. चुकलं तर मुद्रण बंद न करता टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायचं. संकलन करणाऱ्याला पडद्यावर टाळीचा उंच सुळका लगेच दिसतो. आणि माइक तोंडासमोर नाही, वीतभर अंतरावर, जरा बाजूला. हे शेवटचं आम्ही ठेच लागूनच शिकलो. प, फ, ब, भ म्हणताना ओठांतून हवेचा झोत सुटतो आणि तो सरळ माइकवर आदळला की 'धप्प' असा ठोका उमटतो. या नाटकात तर भुजंगनाथही आहे आणि भद्रेश्वरही! सुरुवातीच्या मुद्रणात दर हाकेला दार आपटल्यासारखं वाजत होतं.

आता माझे कंस. आरंभी मी सगळेच वाचले. 'येतो', 'जातो', 'आपल्याशी', 'एकीकडे', 'हसतो'. जोडून ऐकलं तर माझ्या आवाजाखाली नाटक गुदमरलेलं. हसणाऱ्यानं हसायच्या आधी मी 'हसतो' म्हटलं की त्याचं हसू खोटं पडायचं. तेव्हा एक रविवार काढून पेन्सिल घेऊन बसले. जे वाचणाऱ्याच्या गळ्यातून येऊ शकतं ते माझ्या तोंडी नको: हसणं, रागावणं, हळू बोलणं, हे सगळं खोडलं. 'येतो' आणि 'जातो' ठेवले. रंगमंचावर कोण उरलंय हे प्रेक्षकाला दिसतं, ऐकणाऱ्याला नाही. कांचनभट निघून गेलाय हे कळलं नाही तर नंतरचं बोलणं तो ऐकतोय असं वाटेल आणि अर्थच उलटा होईल. 'आपल्याशी' हा कंस अडला. शेवटी संकलन करणाऱ्या मित्रानं युक्ती काढली की स्वगत वाचताना माइक अगदी जवळ घ्यायचा, आवाज लहान. ऐकताना ते मनातलंच वाटतं. तोही कंस खोडला.

मूळ संहितेतलं अक्षर बदलायचं नाही, हा आमचा दंडक. मात्र जिथं नुसत्या संवादांवरून चित्र उभं राहत नाही तिथं एखादं वाक्य माझ्या शब्दांत घालायची मुभा मला दिली होती. अशी मी एकंदर नऊ वाक्यं लिहिली. प्रत्येकासाठी घाम गाळला. वाक्य लहान हवं, देवलांच्या गद्याशेजारी खुपायला नको, आणि काय वाटावं हे सांगणारं तर मुळीच नको.

पदं गायची नाहीत, असं ठरवताना मात्र बराच वाद झाला. संगीत नाटकातून गाणं काढायचं तर राहिलं काय, असं आमच्यातल्या गाणाऱ्या मैत्रिणीचं म्हणणं, आणि मला ते मनातून पटतही होतं. पण साथ नाही, एकाचा सूर दुसऱ्याला माहीत नाही. वेगवेगळ्या घरांत गायलेली पदं एका नाटकात शोभली नसती. म्हणून पदं कवितेसारखी वाचली. हे ऐकायला सोपं वाटतं, पण तसं नाही. 'म्हातारा इतुका न' हे शब्द आले की चाल आधी ओठांवर येते आणि अर्थ तिच्यामागून फरपटत जातो. शारदेची सखी वल्लरी वाचणाऱ्या त्याच गाणाऱ्या मैत्रिणीनं यावर उपाय शोधला: ओळ तालावर न तोडता वाक्यासारखी, समोरच्या मुलीला चिडवत सांगावी तशी वाचायची. चालीच्या गोडव्याआड त्या पदात केवढी दाहक थट्टा आहे, ते मला त्या दिवशी प्रथम कळलं.

सगळ्या फायली हाती आल्यावर खरं नाटक संकलनात घडलं. भद्रेश्वर भुजंगनाथाला चढवत असतो त्या संवादात दोघांचं वाचन उत्तम होतं आणि तरी प्रवेश पडत होता. संकलकानं वाक्यांमधली फट मोजली, सगळीकडे एक सेकंद. त्यानं भद्रेश्वराची उत्तरं ओढून जवळ घेतली, इतकी की आधीच्याचा शेवटचा शब्द संपता संपता हा बोलतो, आणि भुजंगनाथाला मात्र बोलण्याआधी अर्धा-पाऊण सेकंद जास्त दिला. बस्स, एवढंच. एक जण लगबगीनं जाळं टाकतोय आणि दुसरा गोड शब्द घोळवत बसलाय, हे लख्ख दिसायला लागलं. मित्र भुजंगनाथाचं कौतुक करत होते; मी त्या पाऊण सेकंदाचं करत होते.

जोडलेला प्रत्येक प्रवेश आधी माझ्या त्या जुन्या मैत्रिणीकडे जायचा. दुसरा एक जण पुस्तक पुढ्यात धरून शब्द न् शब्द ताडून बघायचा, पण हिच्याकडे काम होतं नुसतं ऐकायचं. कुठं कळत नाही, कुठं खोटं वाटतं, ते सांगायचं. ती फोनवर सांगायची आणि मी लिहून घ्यायचे. "दुसऱ्या प्रवेशात इंदिराकाकू नवऱ्याशी बोलत नाहीत गं, कागदाशी बोलतायत." इंदिराकाकू, म्हणजे कांचनभटाची बायको, वाचणाऱ्या मैत्रिणीनं मग वाचताना समोर खुर्चीवर आपल्या नवऱ्यालाच बसवलं. फरक आम्हा सर्वांना ऐकू आला.

आणि एके रात्री तिनं सांगितलं, "शारदा पन्नाशीची वाटते."

शारदा वाचणारी आमच्यातली सर्वांत तयार वाचक होती. उच्चार स्वच्छ, जाण खोल. एके काळी ही भूमिका बालगंधर्वांनी केली, तिथं पुरुषाचा गळा चालला, मग इथं वयाचं काय, असं कुणीतरी म्हणालंही. पण तिथं डोळ्यांपुढे एक मुलगी उभी असायची. आमच्याकडे आवाजाशिवाय काही नव्हतं, आणि सगळेच आवाज एका वयाचे. म्हाताऱ्याशी लग्न ठरलेल्या मुलीचा आणि त्या म्हाताऱ्याचा आवाज एकाच पिढीतला असेल तर नाटक कशाबद्दल आहे? हे पहिल्यांदा बोलून दाखवलं ते शारदा वाचणाऱ्या मैत्रिणीनंच, आणि शाळेत फोनही तिनंच केला.

नववीतली एक मुलगी मिळाली. चौदा वर्षांची. १९२९ च्या कायद्यानं मुलीच्या लग्नासाठी जे किमान वय ठरवलं, तेच. तिचं मुद्रण शाळेच्या वाचनालयात झालं, कारण पुस्तकांची कपाटंही आवाज शोषतात. मी आणि आधीची शारदा, दोघी शेजारी बसलो होतो. तिला आम्ही वाचून दाखवलं नाही, नाहीतर तिनं आमची नक्कल केली असती. प्रसंग काय आहे तेवढं सांगितलं. सगळं ऐकून घेऊन तिनं विचारलं, "मावशी, हिला कुणीच विचारलं नाही का?" आम्ही नाही म्हटलं. ती थोडा वेळ पानाकडे बघत राहिली आणि मग वाचायला लागली. 'मूर्तिमंत भीती उभी' हे पद तिनं कधी ऐकलेलं नव्हतं, चाल तिला माहीतच नव्हती. ती ओळ तिनं बोलून टाकली, कुणी काय झालं विचारल्यावर सांगावी तशी. माझ्या शेजारच्या मैत्रिणीनं माझा हात घट्ट धरला.

त्या पदाआधी माझ्या नऊ वाक्यांतलं एक होतं. शारदा कुठं उभी आहे, तिच्याकडे कोण बघतंय, दारापाशी काय आहे. नऊंपैकी तेच मला सर्वांत साधलं होतं आणि वाचलंही मी ते मनापासून. प्रवेश जोडून पाठवला त्याच रात्री फोन आला.

"तिथलं तुझं वाक्य काढ."

"अगं, ती कुठं उभी आहे ते ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

"मला कळलं."

वाक्य काढलं. तिथं आता दीड सेकंद काही नाही, फक्त त्या मुलीनं बोलण्याआधी घेतलेला श्वास आहे.